भिंतीला पाय लावायचा की नाही?

उत्तर नागपुरातील आमच्या वस्तीच्या विहार समितीपुढे सध्या एक विषय आहे. वरवर पाहता विषय लहान, परंतु त्यावर दोन बैठका झाल्या आणि दुसरी बैठक तर रात्री साडेअकरापर्यंत चालली. विहाराला लागून अभ्यासिका आहे. तिच्या मागच्या भिंतीवर लाकडी ठोकळे बसवून वस्तीतील मुलामुलींना चढण्याचा सराव करू द्यावा काय, असा तो विषय. ही मागणी कोणा नगरसेवकाची नाही, कोणा पुढाऱ्याची नाही. दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने वहीच्या पानावर अर्ज लिहून समितीला दिला आहे. खाली सतरा मुलामुलींच्या सह्या आहेत.

ही मुलगी आमच्या शेजारची. तिचे वडील इमारतींना रंग देण्याचे काम करतात, आई अंगणवाडीत मदतनीस आहे. मागच्या हिवाळ्यात एका सामाजिक संस्थेने मुलांसाठी तीन दिवसांचे शिबिर घेतले. मुलींसोबत वडीलधारे कोणी असावे म्हणून आम्हाला पाठविण्यात आले. आम्ही गेलो ते भाषण देण्याच्या तयारीने. संविधान आणि विद्यार्थी हा आमचा विषय होता. पण तिथे लोखंडी सांगाड्यावर प्लायवूडचे तक्ते ठोकून तीसेक फुटांची एक कृत्रिम भिंत उभी केली होती, आणि तिच्यापुढे आमच्या भाषणाला कोण विचारतो! मुले रांगेत उभी होती. भिंतीवर लाल, पिवळे, निळे ठोकळे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वरच्या कडीतून खाली आलेला आणि खाली तो धरून उभा असलेला प्रशिक्षक. चढणारा जसा वर जाईल तसा तो दोर ओढून घेतो, आणि हात सुटला तर तिथेच रोखून धरतो.

ही मुलगी पहिल्या वेळी दहा फुटांवर अडकली. दुसऱ्या वेळी थोडी वर. तिसऱ्या वेळी वरच्या कडीला हात लावून आली. खाली उतरली तेव्हा तळहाताची साल निघाली होती आणि ती हसत होती. आम्ही विचारले, भीती नाही वाटली? ती म्हणाली, "काका, वर गेलं का डोक्यात काईच राहत नाही. पुढचा हात कुठं ठेवाचा, एवढंच राहते." मग जरा थांबून म्हणाली, "गणितात असं नाही होत मले."

पुण्या-मुंबईच्या मुलांना सह्याद्री आहे. बेलापूरच्या नैसर्गिक शिळांवर गिरिविहार या मुंबईच्या जुन्या संस्थेने स्पर्धा भरविल्या, आणि नवी मुंबईत २०१६ साली बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धासुद्धा झाली. आमच्या नागपूरला काय आहे? सपाट जमीन आणि मे महिन्यातले ४५ अंशांचे ऊन. खडक पाहायचा तर रामटेकच्या बाजूला जावे लागते. म्हणजे या खेळासाठी छताखालची भिंत ही इथे चैन नाही, तोच एक रस्ता आहे. तशी सोय शहरात शोधली तर सापडते, पण ती खाजगी आणि तासाच्या भाड्याने. ही मुलगी वडिलांना घेऊन अशाच एका ठिकाणी गेली. तिथे कोणी तिचे आडनाव विचारले नाही, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. शाळा कोणती, एवढेच विचारले. मग बुटांचे भाडे वेगळे, पट्ट्याचे वेगळे, महिन्याचे शुल्क वेगळे असा हिशेब सांगितला. बापाने मनातल्या मनात बेरीज केली आणि दोघे परत आले.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे यांत प्रवेश देताना धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणालाही अडवता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. विहिरी, तलाव, घाट, रस्ते यांचाही त्यात उल्लेख आहे. महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी १९२७ साली ओंजळीत घेतले, त्यांच्याच नेतृत्वाखालील समितीने तयार केलेल्या मसुद्यातून हा अनुच्छेद आला. आज त्या अनुच्छेदामुळे दाराशी पाटी लागत नाही. दरपत्रक लागते. त्याविरुद्ध आम्ही कोणत्या न्यायालयात दाद मागावी?

जाता जाता वकील म्हणून एक गोष्ट सांगून टाकतो. त्या ठिकाणी बापाकडून एक छापील कागद भरून घेतला जातो. काही झाले तर जबाबदारी आमची नाही, असा त्यात मजकूर. अज्ञान मुलाने केलेला करार शून्य ठरतो, हे १९०३ पासून प्रिव्ही कौन्सिलच्या निकालाने पक्के आहे, आणि पालकाची सही घेतली म्हणून संचालकाचा निष्काळजीपणा धुऊन निघतो असे आम्ही मानत नाही. पालकांनी सही करण्याआधी तो कागद वाचावा, आणि दोर किती जुना आहे हेही विचारावे. असो.

आम्हाला सांगायचे आहे ते त्या बापाबद्दल. परत येताना तो आमच्याकडे आला. शुल्काबद्दल फार बोलला नाही. म्हणाला, "वकीलसाहेब, पोरीले चढवाच्या आधी त्यानं तिच्या पट्ट्याची गाठ दोनदा तपासली. एकदा त्यानं, एकदा दुसऱ्यानं. मले तीस वर्षांत कोणी पट्टा देल्ला नाही."

वाचकहो, हे वाक्य ऐकून आम्ही काही वेळ गप्पच राहिलो. हा माणूस पाचव्या-सहाव्या मजल्याच्या बाहेर लोंबकळत्या फळीवर बसून रंग देतो. फळी दोन दोरांना बांधलेली. दोर गच्चीवर कशाला बांधला आहे, ते तो स्वतः पाहतो, कारण दुसरा कोणी पाहणार नाही. बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला. त्याखालच्या नियमांत सुरक्षा पट्टा आला, जाळी आली, परांचीची तपासणी आली. कागदावर सगळे आले. परंतु परांचीवरून पडलेल्या माणसाच्या विधवेची प्रकरणे आम्ही चालविली आहेत. कंत्राटदाराचा जबाब ठरलेला असतो: हा आमचा कामगारच नव्हता. हजेरीपत्रक नाही, मजुरीची पावती नाही, पट्टा तर नाहीच नाही. माणूस मेल्यावर आधी तो कामगार होता हे सिद्ध करायचे आणि नंतर तो मेला हे.

आणि दोर तर आमच्या लोकांना नवा नाही. गटारात उतरणाऱ्याच्या कमरेलाही दोर असतो. तो कशासाठी? जिवंत परत यावा म्हणून की प्रेत ओढून काढता यावे म्हणून? हाताने मैला साफ करण्याला बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. साधनांशिवाय गटारात माणूस उतरविणे त्याने गुन्हा ठरविले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूसाठी १० लाख रुपये भरपाई ठरविली, २०२३ साली ती ३० लाख केली. भरपाई वाढली, पण उतरणे थांबले नाही. उंचावर लटकायला आणि खोलात उतरायला या देशात कोण जातो, हे कोणत्याही शहरात डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्याला दिसते. म्हणून त्या बापाने जे पाहिले ते साधे नव्हते. आपल्या लेकीच्या जिवाची काळजी म्हणून एक परका माणूस गाठ दोनदा तपासतो, हे त्याने आयुष्यात प्रथमच पाहिले. पडण्याची भीती त्याच्या पोटात रोज असते. पडले तरी कोणी धरते, हे त्याला माहीत नव्हते.

आता बैठकीकडे वळू. पहिला आक्षेप आमच्या एका ज्येष्ठ बंधूंनी घेतला. त्यांचे योगदान मोठे आहे. हा विहार उभा करताना त्यांनी स्वतः विटा वाहिल्या आहेत. ते म्हणाले, "विहाराच्या भिंतीले पाय लावाचा का?" सभेत शांतता पसरली. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही विचारतो की, पाय अपवित्र आणि डोके पवित्र, हा विचार आला कोठून? ब्राह्मण मुखातून आणि शूद्र पायातून जन्मले असे सांगणाऱ्यांनीच पायाला हलके ठरविले आणि पायाच्या नावाने अर्ध्याहून अधिक समाजाला खाली दाबले. तो विचार आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर सोडून आलो. मग तो अभ्यासिकेच्या मागच्या दाराने आत का घ्यायचा? शिवाय ती भिंत तथागतांच्या मूर्तीमागची नाही. तिच्यापलीकडे मोकळी जागा आहे आणि तिथे सध्या मोडक्या खुर्च्या पडलेल्या असतात.

दुसरा आक्षेप दहावीचा. आणि इथे आम्हाला कबुली द्यायला हवी. हा आक्षेप सर्वांत आधी आम्हीच घेतला होता. मुलगी पहिल्यांदा अर्ज घेऊन आली तेव्हा आम्ही तिला म्हणालो, बेटा, आधी दहावी, मग भिंती. ती काही बोलली नाही. वही घेऊन गेली. आमच्या पिढीने शिक्षणाच्या जोरावर वस्तीतून बाहेर पाऊल टाकले. खेळ म्हणजे वेळेचा नाश, खेळ म्हणजे ज्यांच्या घरी शेती-दुकान आहे त्यांच्या पोरांचे काम, अशी समजूत आमच्या हाडीमाशी भिनली आहे. त्यात चूक नव्हती. उपाशी माणसाने आधी पुस्तक धरले, कारण पुस्तकाने नोकरी दिली. परंतु त्याचा परिणाम असा झाला की आमच्या मुलांचे शरीर फक्त मेहनतीसाठी उरले, आनंदासाठी उरले नाही. बाप फळीवर चढतो ते पोटासाठी. मुलगी भिंतीवर चढते ते चढावेसे वाटते म्हणून. या दोन चढण्यांमध्ये किती पिढ्यांचे अंतर आहे, याचा विचार आम्ही त्या दिवशी केला नाही.

खेळाच्या मैदानाने जातीला धडक दिल्याचा इतिहास आपल्याकडे आहे, पण तो आपणच विसरलो. धारवाडला १८७६ साली जन्मलेले पळवणकर बाळू हे चर्मकार समाजाचे. पुण्याच्या जिमखान्यात मैदानाची देखभाल करता करता गोऱ्या साहेबांना चेंडू टाकायला लागले आणि हिंदू संघाला त्यांना घ्यावे लागले. मैदानात त्यांचा चेंडू चाले, चहाच्या वेळी त्यांचा कप वेगळा असे! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ साली मिळाले. पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. त्यांचे राजकारण आम्हाला मान्य नाही, पण त्यांची गोलंदाजी नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. तेलंगणातील शेतमजुराची मुलगी मालावत पूर्णा ही १३ वर्षे ११ महिन्यांची असताना २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोहोचली. तिच्यासोबत होता सायकल दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा आनंद कुमार. ती आदिवासी, तो दलित. दोघेही शासनाच्या समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. आर. एस. प्रवीण कुमार हे आयपीएस अधिकारी त्या संस्थेचे सचिव होते. या मुलांचा पहिला धडा हिमालयात झाला नाही. तो हैदराबादजवळच्या भोंगीरच्या खडकावर झाला. आपल्या विदर्भातही हे घडले. चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळांच्या मुलांना 'मिशन शौर्य'मध्ये तयार करण्यात आले आणि मे २०१८ मध्ये मनीषा धुर्वे, प्रमेश आळे, उमाकांत मडावी, कविदास काटमोडे, विकास सोयाम ही पाच आदिवासी मुले एव्हरेस्टच्या माथ्यावर उभी राहिली. सत्कार झाले, हारतुरे झाले, मंत्र्यांसोबत छायाचित्रे निघाली. त्या मुलांच्या हिमतीला आमचा मानाचा मुजरा! पण शासनाला आमचा प्रश्न आहे. पाच मुलांना जगाच्या टोकावर नेता येते, तर प्रत्येक आश्रमशाळेत, अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलामुलींच्या प्रत्येक शासकीय निवासी शाळेत बारा-पंधरा फुटांची एक भिंत का उभी राहत नाही? शिखराचे छायाचित्र छापून येते. भिंतीवर रोज संध्याकाळी चढणाऱ्या पोरांचे कोण छापणार? अनुसूचित जाती उपयोजनेचा निधी दुसरीकडे वळविला जातो अशी ओरड आपण दरवर्षी करतो आणि ती खरी आहे. पण निधी हातात आला तर आपण मागतो काय? समाजमंदिर, रस्ता, कमान. मुलांना कोणी विचारले आहे काय?

भिंतीला फार पैसा लागतो, असेही बैठकीत कोणी म्हणाले. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात १९६४ साली डॉन रॉबिन्सन या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने मार्गिकेच्या भिंतीत दगडाचे तुकडे बसवून आपल्या विद्यार्थ्यांना चढायला लावले. आजच्या चकचकीत भिंतींची सुरुवात ती आहे. आज हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. टोकियोत २०२१ साली तो प्रथम खेळला गेला, २०२४ ला पॅरिसमध्ये वेगाने चढण्याची स्पर्धा स्वतंत्र झाली. ती भिंत १५ मीटरची, आणि तिच्यावरचे ठोकळे जगभर एकाच जागी, एकाच आकाराचे. तिथे उमेदवाराच्या शिफारशीला जागा नाही, तोंडी परीक्षेला जागा नाही, पंचाच्या मर्जीला जागा नाही. घड्याळ लावायचे आणि चढायचे. स्पर्धा परीक्षांच्या मुलाखतींत आमच्या मुलांच्या गुणांचे काय होते हे ज्यांनी पाहिले, त्यांना याचे मोल सांगायला नको. पॅरिसला पुरुषांचे सुवर्ण कोणाला मिळाले? इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोला, ४.७५ सेकंदांत. त्या देशाची त्याआधीची सगळी सुवर्णपदके बॅडमिंटनची होती. त्याच देशाची एरिस सुसांती रहायू ही मुलगी २०१९ साली सात सेकंदांच्या आत चढणारी जगातील पहिली स्त्री ठरली. डोक्याला हिजाब बांधून चढली. भारताचा मात्र एकही खेळाडू टोकियोला या भिंतीपाशी नव्हता आणि पॅरिसलाही नव्हता.

आमची मुलगी ऑलिंपिकला जाईल असे आम्ही म्हणत नाही. असे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. वस्तीतील पोराने काही आवडते म्हटले की लगेच आपण विचारतो, यातून नोकरी लागेल काय? पदक मिळेल काय? क्रीडा कोट्याचे पाच टक्के मिळतील काय? सधन घरातले पोर पियानो शिकते तेव्हा त्याला कोणी हा प्रश्न विचारत नाही. त्याला आवडते, एवढे कारण पुरते. आमच्या मुलीला आवडते हे कारण कधी पुरणार?

राहिला धोक्याचा मुद्दा. तो खरा आहे आणि तो आम्ही टाळणार नाही. दोराची उंच भिंत आपण करायची नाही. ते प्रशिक्षित माणसाचे काम आहे आणि साहसी उपक्रमांसाठी राज्याच्या पर्यटन विभागाने २०२१ साली धोरण आणले ते त्यासाठीच. आपली भिंत बुटकी, बोल्डरिंगची असावी. तिला दोर लागत नाही, खाली जाड गाद्या लागतात. ठोकळे बोल्टने बसवायचे, खिळ्याने नाही. बांधकाम अभियंत्याने भिंत पाहून लेखी दिल्याशिवाय एकही भोक पाडायचे नाही. आणि शिकविलेला माणूस हजर असल्याशिवाय कुलूप उघडायचे नाही. वस्तीत बांधकाम विभागातून निवृत्त झालेले दोन अभियंते आहेत. त्यांना आम्ही विनंती केली आहे. गाद्यांसाठी वर्गणीची यादी आमच्या कार्यालयात ठेवली आहे.

मुलींना संध्याकाळी सातनंतर तिथे थांबू देऊ नये, असेही एक मत बैठकीत आले. मुलांबद्दल तसे मत आले नाही. यावर आमच्या माताभगिनींनी पुढच्या बैठकीत येऊन बोलावे, आम्ही त्यांच्या वतीने बोलणार नाही.

परवा त्या मुलीचा बाप कामावरून परतताना अभ्यासिकेत आला. अंगावर चुन्याचे शिंतोडे तसेच होते. त्याने मागच्या भिंतीवर मुठीने चार-पाच ठिकाणी ठोकून पाहिले, कान लावला, ओल कुठवर चढली आहे ते नखाने खरवडून बघितले. मग म्हणाला, "नऊ इंची हाय. खालचा दोन फूट सोडून द्या, तिथं ओल हाय. वरतं धरते." मुलीने टेप धरला आणि आम्ही आकडे लिहिले. रुंदी १८ फूट, उंची १२. येत्या रविवारी सकाळी वंदनेनंतर दहा वाजता बैठक आहे. अर्जावर सह्या करणाऱ्या सतराही मुलामुलींना बोलावले आहे, आणि ज्येष्ठ बंधूंनीही येतो म्हणून निरोप दिला आहे.